मदत हवी आहे: निशी-कासाईला घर घ्यावे की म्योदेनला? (टोकियो, मेट्रोचा तोझाई मार्ग)

नमस्कार. एप्रिलपासून नोकरीनिमित्त आम्ही तिघे, म्हणजे मी, पत्नी आणि तीन वर्षांचा मुलगा, टोकियोला राहायला जात आहोत. माझे कार्यालय ओतेमाचीला असून सकाळी 9 वाजता हजर व्हावे लागेल. भाड्याचे घर ठरवण्यापूर्वी या मार्गावर रोज प्रवास केलेल्या मंडळींचा सल्ला हवा आहे.

निशी-कासाईचे नाव अपेक्षेप्रमाणे सर्वांनीच सुचवले. 2000 च्या सुमारास भारतीय संगणक अभियंते तिथे मोठ्या संख्येने राहू लागले, त्यामुळे किराणा, शाळा आणि आपली माणसे जवळपास मिळतात, शिवाय ओतेमाचीला गाडी न बदलता वीसेक मिनिटांत पोहोचता येते. चिंता आहे ती गर्दीची. निशी-कासाई आणि ओतेमाची यांच्या मधल्या कीबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळच्या ऐन गर्दीच्या तासाला 2019 साली गाड्या क्षमतेच्या 199 टक्के भरून धावत होत्या. 2023 मध्ये हे प्रमाण 148 टक्क्यांवर उतरले असले, तरी मार्गाच्या पूर्व टोकाच्या निशी-फुनाबाशीहून निघालेली गाडी निशी-कासाईला येईपर्यंत बरीच भरलेली असणार, हे उघड आहे. सकाळच्या खास जलद गाड्या निशी-कासाईच्या अलीकडच्या उरायासूपासून पुढे सर्व स्थानकांवर थांबतात, पण एरवीची जलद गाडी निशी-कासाई सोडून जाते, म्हणजे परतताना लक्ष नसले तर थेट उरायासू गाठावे लागेल.

म्योदेन ओतेमाचीपासून आणखी लांब, चिबा प्रांतात, इचिकावा शहरात आहे. तिथे गाड्यांचे आगार असल्यामुळे सकाळच्या काही गाड्या तिथूनच सुटतात. डोंबिवलीत वाढल्यामुळे अशा गाडीचे मोल मला कोणी समजावून सांगायला नको! मात्र रांगेत किती आधी उभे राहिल्यास बसायला मिळते आणि त्यासाठी रोजची जास्तीची मिनिटे खर्च करणे परवडते का, हे अनुभवींनीच सांगावे. निशी-कासाईहून साडेसातच्या आत निघाल्यास सव्वाआठच्या तुलनेत खरोखर फरक पडतो का, हेही कळवावे.

दुसरी शंका वाऱ्याची आहे. मिनामी-सुनामाची आणि निशी-कासाई यांच्या दरम्यान गाडी आराकावा नदीवरच्या पुलावरून जाते. 1978 च्या फेब्रुवारीत, निशी-कासाई स्थानक सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, याच पुलावर वावटळीने गाडीचे डबे उलटले होते. आता जोराच्या वाऱ्यात वाहतूक रोखतात किंवा गाड्या हळू चालवतात, असे ऐकतो. वादळी दिवसांत आपण कोणत्या मार्गाने कार्यालय गाठता? फुनाबोरीपर्यंत बसने जाऊन तोएई शिंजुकू हा दुसरा मेट्रो मार्ग धरणे सोयीचे पडते का?

शेवटी पासाविषयी. कंपनी सहा महिन्यांच्या पासाचे पैसे एकरकमी देणार आहे. आधी निशी-कासाईला राहून तीन महिन्यांनी म्योदेनला जायचे ठरवले, तर उरलेल्या पूर्ण महिन्यांच्या परताव्याचा हिशेब कंपनीशी कसा करतात, की सुरुवातीला एक महिन्याचाच पास काढणे शहाणपणाचे? घरमालकाला फेब्रुवारीअखेर कळवायचे आहे, त्यामुळे त्याआधी उत्तरे मिळाली तर फार बरे होईल.