शिकागोत दीड दिवस, ठासून भरलेली गाडी आणि आई-बाबा: मदत हवी आहे

मंडळी, न्यू जर्सीहून सिअ‍ॅटलला बिऱ्हाड हलवतोय, गाडीनेच. सोबत आई-बाबा. आय-८० आणि पुढे आय-९० हे महामार्ग धरून जायचंय. वाटेत शिकागोत मुक्काम, हातात जेमतेम दीड दिवस.

बाबांचा हट्ट एकच: आर्ट इन्स्टिट्यूट. १८९३ साली विवेकानंद जिथे बोलले ती इमारत पाहायचीच. मिलेनियम पार्कातलं ते चकचकीत 'बीन' शिल्प तिथून जवळच, म्हणजे तेही होईल. पण बाबांचा गुडघा कुरकुरतो. त्यामुळे विलिस टॉवरचा १०३वा मजला किंवा नदीतली आर्किटेक्चर बोट, यातलं एकच जमेल. माझा कौल बोटीला. आईला मात्र टॉवरवरच्या त्या काचेच्या खोक्यात उभं राहून फोटो हवाय!

खरी अडचण गाडीची. मागची सीट काचेपर्यंत भरलेली, सगळ्यात वर कुकर, तो बाहेरूनही दिसतो. अशी गाडी लूपमध्ये, म्हणजे भर शहरात, लावायचा धीर होत नाही. उपनगरात ठेवून ट्रेनने यावं का? मेट्रा (उपनगरी रेल्वे) बरी की 'एल' (शहरातली मेट्रो)? जिने कुठे कमी चढावे लागतील?

आणि हो, तिथल्या देशी दुकानांच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर थालीपीठ मिळेल का, की इडली-डोशावरच भागवायचं?