कोथिंबिरीच्या फुलांवर घिरट्या घालणाऱ्या पिवळ्या-काळ्या माश्या: फवारणी करावी का?

प्रश्न (परसबाग, सातारा)

आमच्या घरामागे छोटी परसबाग आहे. हिवाळ्यात लावलेली कोथिंबीर आता फुलावर आली असून, धणे धरावेत म्हणून मी ती उपटलेली नाही. सकाळी ऊन चढू लागले की त्या फुलांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे, मधमाशीपेक्षा सडपातळ कीटक येतात. ते हवेत एकाच जागी स्थिर राहतात आणि हात जवळ नेला की झटकन बाजूला सरकून पुन्हा तसेच थांबतात. घरात लहान मूल असल्यामुळे, या गांधीलमाश्या आहेत असे समजून शेजाऱ्यांनी औषध मारण्याचा सल्ला दिला आहे. शिवाय शेजारच्या वाफ्यातील चवळीच्या शेंड्यांवर मावा पडला असून त्या माव्यामध्ये पाय नसलेल्या हिरवट अळ्या दिसत आहेत. या अळ्या चवळी खात आहेत का? आणि त्या माश्यांचा धणे भरण्याशी काही संबंध आहे का?

उत्तर (कीटकनिरीक्षक, पुणे)

आपण केलेल्या वर्णनावरून या सिरफिड माश्या, म्हणजेच हॉवरफ्लाय, आहेत याविषयी मला शंका वाटत नाही. त्यांना नांगी नसते, त्यामुळे मुलाला त्यांच्यापासून कोणताही धोका नाही. अंगावरचे पट्टे हे केवळ गांधीलमाशीचे सोंग असून, पक्ष्यांनी आपल्याला टाळावे एवढाच त्याचा उपयोग असतो. खात्री करून घ्यायची असेल तर फुलावर बसलेली माशी जवळून पाहावी. मधमाशीला आणि गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, तर हिला एकच. मागच्या पंखांच्या जागी, टोकाला गाठ असलेल्या दोन बारीक दांड्या असतात आणि उडताना तोल सांभाळण्याचे काम त्या करतात. हिच्या मिशा अगदी आखूड असतात आणि डोळ्यांनी जवळजवळ सगळे डोके व्यापलेले असते. बहुतेक जातींत नराचे दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात, तर मादीच्या डोळ्यांमध्ये फट दिसते.

धण्यांशी त्यांचा थेट संबंध आहे. या माशीची सोंड आखूड असल्यामुळे खोल नळीच्या फुलांतील मध तिला मिळत नाही, म्हणून ती कोथिंबीर, बडीशेप, शेपू, ओवा, गाजर, मोहरी अशा उथळ आणि उघड्या फुलांवर येते. ती मधाबरोबर परागकणही खाते, कारण अंडी पक्व होण्यासाठी मादीला परागांतील प्रथिने लागतात. मधमाशी पराग मधाने ओलावून मागच्या पायांवर त्यांचे गोळे करते, आणि ते गोळे पोळ्यात जातात. सिरफिड माशीला ना पोळे असते, ना पिल्लांसाठी अन्न नेण्याची जबाबदारी, त्यामुळे तिच्या अंगाला चिकटलेले पराग सुटे राहून पुढच्या फुलापर्यंत पोचतात. अंगावर लव कमी असल्याने एका भेटीत ती मधमाशीएवढे पराग नेत नाही, हेही खरे. परंतु दिवसभरात तिच्या भेटी पुष्कळ होतात.

आता चवळीवरच्या अळ्यांविषयी. या बहुधा त्याच माश्यांच्या अळ्या आहेत आणि त्या चवळी नव्हे, मावा खात आहेत. मादी माव्याच्या वसाहतीजवळ पांढरी, तांदळाच्या कणीएवढी लांबट अंडी एकेकटी घालते. अळीला डोळे नसतात; ती पुढचा भाग इकडेतिकडे फिरवून मावा चाचपते, तोंडातील आकड्यांनी त्याला पानावरून उचलून धरते आणि आतील रस शोषून झाल्यावर रिकामे कातडे टाकून देते. भिंग असेल तर हे जरूर पाहावे. एकेक अळी कोषात जाईपर्यंत शेकडो मावे संपवू शकते. आपल्याकडे नेहमी आढळणाऱ्या इस्किओडॉन स्कुटेलॅरिस या जातीची अळी हिरवी असून तिच्या पाठीवर पांढरी रेघ असते. आपल्या अळ्यांवर ती दिसते का, ते पाहून कळवावे.

उत्तर (कांदा बियाणे, निफाड)

मी कांद्याचे बियाणे करतो, म्हणून फवारणीबद्दल आग्रहाने लिहितो. कांद्याच्या एकाच फुलात परागकण आधी सुटतात आणि बी धरण्याची तयारी नंतर होते, त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेणारा कीटक आला नाही तर गोंडा वरून भरगच्च दिसूनही बी कमी भरते. आमच्याकडे हे काम मुख्यतः मधमाश्या करतात, परंतु गोंड्यांवर सिरफिड माश्याही भरपूर असतात आणि मी त्यांना पाहुणे समजत नाही. फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिड किंवा डायमेथोएट मारले की मावा मरतो, माशी मरते आणि अळीही मरते. त्यानंतर मावा आधी परततो, कारण तो झपाट्याने पिल्ले घालतो. त्याला खाणारे मागून येतात. आपण दोन वाफ्यांसाठी औषध आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मावा फारच वाढला असेल तर ज्या शेंड्यांवर अळ्या नाहीत, तेवढ्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारावा. निंबोळी अर्क सौम्य म्हणून सर्रास मारला जातो, पण अळ्या काम करत असलेल्या शेंड्यावर तोही मारू नये. चवळीवर मुंगळे चढत असतील तर त्यांना मात्र अडवावे. माव्याच्या गोड चिकट्यासाठी ते त्याची राखण करतात आणि अळ्यांना हुसकावतात.

उत्तर (गच्चीवरील बाग, ठाणे)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरीही एक मर्यादा सांगणे आवश्यक वाटते. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलांत पराग बंदिस्त नळ्यांमध्ये असतात आणि फूल थरथरवल्यावरच ते नीट बाहेर पडतात. हे काम भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या रानमाश्या करतात. सिरफिड माशीला ते जमत नाही. लाल भोपळ्याचे पराग मोठे आणि चिकट असतात, तिथेही भिस्त मधमाश्यांवरच असते, आणि त्या येत नसतील तर सकाळी नरफूल तोडून मादीफुलावर हाताने फिरवावे लागते. सिरफिड माश्या आहेत म्हणून सगळ्या बागेचे परागीभवन होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (परसबाग, सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. अळ्यांच्या पाठीवर पांढरी रेघ आहे. औषध आणणार नाही आणि पुढच्या वर्षी शेपूचाही एक वाफा फुलावर येऊ देईन. आणखी एक विचारतो: शेणपाण्याच्या पिंपात लांब शेपटीच्या, मळकट पांढऱ्या अळ्या झाल्या आहेत. त्यांचा याच माश्यांशी संबंध असू शकतो का?

उत्तर (कीटकनिरीक्षक, पुणे)

असू शकतो. याच कुळातील एरिस्टॅलिससारख्या काही माश्यांच्या अळ्या साचलेल्या, कुजक्या पाण्यात वाढतात. ती शेपटी म्हणजे श्वास घेण्याची नळी असून, पाण्याच्या खोलीनुसार अळी ती लांब किंवा आखूड करते. प्रौढ माशी मधमाशीसारखी दिसते आणि तीही फुलांवर येते. मात्र त्याच पाण्यात डासही होऊ शकतात, म्हणून पिंप तसेच उघडे ठेवू नये. अळ्यांसकट ते पाणी कंपोस्टच्या ओल्या ढिगाच्या कडेला ओतावे आणि नंतर पिंपाच्या तोंडावर कापड घट्ट बांधावे. पूर्ण वाढलेल्या अळ्या तिथून कोरड्या मातीत सरकून कोषात जातात, त्यामुळे ढिगाभोवतीची माती काही दिवस उकरू नये.