प्रति: माणसं वाढली की घरपण जातं

माणसं वाढली की ऑफिसातलं घरपण जाणारच, नियमांची पुस्तिका छापून टाका, हे वरचं मत अर्धंच पटलं. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या डिझाइन ऑफिसात पुस्तिका आहे. कुणी उघडत नाही. पोरं शिकायची ती सगळ्यांसमोर डिझाइन नापास होताना. पुण्यात दुसरी टीम बसली आणि ती चर्चा व्हॉट्सअ‍ॅपवर गेली. तिथे नुसता अंगठा येतो. म्हणून आता नाकारलेलं प्रत्येक डिझाइन कारणासकट एका फोल्डरमध्ये ठेवतो. नवीन आलेले आधी तेच चाळतात (सीनियरांच्या फजितीसकट!).

बाकी कामातलं असं लिहून सगळ्यांपर्यंत पोचवणं आपल्या सांगली जिल्ह्याला नवं नाही. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये कारखान्याचं स्वतःचं मासिक निघालं होतं, 'किर्लोस्कर खबर'.