चर्चा : हिटलरला खरोखर जनतेनेच सत्ता दिली का?

मूळ धागा (कोथरूड)
रविवारी संभाजी बागेतून फिरून आल्यावर चहाच्या टेबलावर एक वाक्य हमखास ऐकू येते : "हिटलरला लोकांनीच निवडून दिले." मला ते मुळीच पटत नाही. माझ्या मते दार आतून उघडले गेले, म्हणजे सत्तेजवळच्या माणसांनीच त्याला आत घेतले. जुलै १९३२ मध्ये त्याच्या पक्षाला ३७ टक्के मते होती आणि नोव्हेंबरात ती ३३ टक्क्यांवर आली. म्हणजे पक्षाला ओहोटी लागलेली असताना, या माणसाला आपण मुठीत ठेवू अशा समजुतीने माजी चॅन्सेलर (सरकारप्रमुख) पापेन यांनी वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांचे मन वळवले आणि ३० जानेवारी १९३३ रोजी त्याला चॅन्सेलरपद मिळाले. इटलीतही १९२२ साली लष्करी कायद्याच्या हुकुमावर राजाने सही नाकारली आणि मुसोलिनी आगगाडीने रोमला येऊन पंतप्रधान झाला.

प्रतिसाद १ (सदाशिव पेठ, निवृत्त इतिहास शिक्षिका)
आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. १९२८ साली या पक्षाला तीन टक्केही मते नव्हती. १९२३ च्या चलनवाढीत मध्यमवर्गाची आयुष्यभराची पुंजी बुडाली, १९३२ च्या सुरुवातीला साठ लाख लोक बेकार होते, आणि त्या संतापातूनच तो सर्वांत मोठा पक्ष झाला. तीन टक्क्यांच्या पुढाऱ्याला पापेन यांनी दारातही उभे केले नसते.

धागालेखक
ताई, बेकारी अमेरिकेतही भयंकर होती. तिथे रूझवेल्ट निवडून आले. २३ मार्च १९३३ चा दिवस पाहा. संसदेशिवाय कायदे करण्याचा अधिकार हिटलरच्या सरकारला देणाऱ्या कायद्यावर मतदान होते. बर्लिनच्या क्रोल ऑपेरागृहात संसद भरली होती, कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा परागंदा होते, सभागृहात गणवेशातले नाझी स्वयंसेवक उभे होते, आणि अशा वेळी सोशल डेमोक्रॅट पक्षाचे नेते ओटो वेल्स यांनी उभे राहून विरोधाचे भाषण केले. त्यांच्या पक्षाची ९४ मते विरोधात पडली, तर बाजूने ४४४. त्या ४४४ मध्ये कॅथलिक सेंटर पक्षाची सुशिक्षित, कायदा जाणणारी माणसे होती. मला राग येतो तो त्यांचा.

प्रतिसाद २ (हडपसर)
मग चिलीचे काय? ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने बंड केले आणि विमानांनी राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्या प्रासादावर बाँब टाकले. तिथे दार आतून कोणी उघडले?

धागालेखक
त्या बंडाचे पुढारी पिनोशे यांना सेनाप्रमुख नेमले ते खुद्द आयेंदे यांनीच, त्याच वर्षी २३ ऑगस्टला, निष्ठावान समजून. परंतु फसवल्या गेलेल्या माणसाला मी पापेन यांच्या रांगेत बसवणार नाही. तेवढा आपला आक्षेप मला मान्य आहे.