सील बघू नका, तारीख बघा
नवा फोन घेताना बरेच जण म्हणतात की डब्याचं सील शाबूत म्हणजे फोन कोराच. पटत नाही. प्लास्टिक परत चढवायला कितीसा वेळ लागतो! मागच्या दिवाळीत नवी पेठेतून भावासाठी फोन घेतला, सील एकदम कडक. पण चार्जिंगच्या भोकाशी केसाएवढा ओरखडा. दुकानदार म्हणतो, "डेमो दाखवला असंल ओ." सीलबंद डब्यातून डेमो?

तेव्हापासून पैसे द्यायच्या आधी काउंटरवरच डबा उघडायला लावतो. *#०६# दाबलं की १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर येतो. तो डब्यावर आणि बिलावर तोच हवा. केवायएम (KYM) लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएसनं पाठवला तर कंपनी-मॉडेल कळतं. वापरलाय की नाही, ते मात्र त्यात कळत नाही. त्यासाठी कंपनीच्या साइटवर नंबर टाकून वॉरंटी कधीपासून चालू झाली ते बघा. दोन महिन्यांपूर्वीची तारीख निघाली तर सरळ परत ठेवा. आयफोन असेल तर सेटिंगमधल्या मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर बघायचं: एम म्हणजे नवा, एफ म्हणजे कंपनीनं दुरुस्त करून विकलेला, एन म्हणजे बदली दिलेला.

आणि डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे की.