प्रतिसाद: कॅग म्हणजे फक्त पावत्यांचा हिशेब नव्हे

'कॅग (सरकारी खर्च तपासणारी नियंत्रक व महालेखापरीक्षकांची यंत्रणा) फक्त पावत्या तपासते, योजनेचा उपयोग झाला का हे कोणी बघतच नाही,' हे वर आलेलं मत मला पटत नाही. कॅग कामगिरी लेखापरीक्षणही करते, म्हणजे योजनेचा उद्देश साधला का हेही तपासते. जलयुक्त शिवार या राज्य सरकारच्या जलसंधारण अभियानावरचा 2020 चा अहवाल वाचा. 9,633 कोटी रुपये खर्चूनही गावं जलपरिपूर्ण (पाण्याच्या गरजेपुरती स्वयंपूर्ण) करणं आणि भूजल वाढवणं या दोन्ही बाबतींत फारसा परिणाम दिसला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. हा निष्कर्ष पावत्या मोजून निघत नाही.

अडचण वेगळीच आहे. हा अहवाल विधिमंडळात येईपर्यंत अभियानाची 2019 ची मुदत संपून गेली होती. तपासणी चालू योजनेत व्हायला हवी, आणि त्यासाठीचं साधन आपल्याकडे आधीपासून आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. त्या नोंदी पावसाच्या आकड्यांशेजारी ठेवून दरवर्षी ग्रामसभेत वाचल्या, तर बंधाऱ्याने पाणी वाढलं की त्या वर्षीच्या चांगल्या पावसाने, याचा अंदाज गावालाच येईल. उसाखालचं क्षेत्र किती वाढलं हेही सोबत मांडायला हवं. मुरलेलं पाणी त्या उसासाठीच उपसलं जातं, आणि याबद्दल बोलायला कोणताच पक्ष तयार नसतो.