भाचीच्या फॉर्मात ‘संकटावर मात’ असा रकाना आहे, काय लिहावं?

वायरमन_दारव्हा

नमस्कार मंडळी. भाची बारावी सायन्स झाली, ८१ टक्के. बीएस्सी ॲग्री करायचं म्हणते. अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठात नंबर लागला तर सोन्याहून पिवळं. ट्यूशन फीचं टेन्शन नाही, २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश मिळाला तर ती माफ आहे. टेन्शन आहे खोलीचं अन् मेसचं.

तालुक्यातल्या एका ट्रस्टची शिष्यवृत्ती आहे, परिस्थितीशी झगडून बारावी झालेल्या पोरांसाठी. वर्षाला १५ हजार, चार वर्षं. फॉर्म सगळा भरला, एका रकान्यावर गाडी अडली: ‘आपण कोणत्या संकटावर मात केली ते ३०० शब्दांत लिहा.’

ती आठवीत असताना भाऊजींनी आत्महत्या केली, पोळ्याच्या आठ दिवस आधी. प्रकरण सरकारी मदतीला पात्र ठरलं, एका लाखातले ३० हजार ताईच्या हाती, ७० हजार पोस्टात. तेव्हा भेटायला आलेल्यांनी पोरीला दप्तरासकट उभं करून फोटो काढला. पेपरात आला. वर्गातल्या पोरांनी तो पेपर शाळेत आणून तिलाच दाखवला. तेव्हापासून ती बाबांचं नाव काढत नाही. काल म्हटलं, लिही ना बाई दोन ओळी, पैशाचा सवाल आहे. तर म्हणे, “मामा, बाबाचे पैसे एकदा घेऊन झाले ना?” मी चूप. उठलो अन् ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर निघून गेलो.

सरकारच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याला २२५० यायचे, अठरा पूर्ण झाले अन् ते थांबले. एनएमएमएस, म्हणजे आठवीत परीक्षा देऊन मिळते ती केंद्राची शिष्यवृत्ती, भाऊजी गेले त्याच वर्षी निघाली होती, तिचे वर्षाला १२ हजार बारावीपर्यंत मिळाले, आता तेही संपले. ते बाबांचं नाही लिहिलं तर फॉर्म बाद होते का?

निवृत्त_मास्तर_कारंजा

बाद होत नाही. अशाच एका समितीवर मी सहा वर्षांपासून आहो, म्हणून सांगतो. फॉर्म उघडला की पहिली ओळ ठरलेली, ‘आमची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे.’ नेट कॅफेवाल्यानं एकदा टाइप केलं अन् नाव बदलून गावभर वाटलं. त्याला गुण कसे द्यायचे?

एक पोट्टा मात्र ध्यानात राहिला. बापाचं कंबरडं मोडलेलं. का मोडलं ते त्यानं लिहिलंच नाही. लिहिलं ते डवरणीचं, बैलाच्या डवऱ्यानं पिकातलं तण काढायचं. पहिल्या दिवशी बैल ऐकेना, सोयाबीनची अर्धी ओळ डवऱ्याखाली गेली, शेजारी धुऱ्यावर उभा राहून हसला. चौथ्या दिवशी त्याच शेजाऱ्यानं त्याला आपल्या वावरात रोजानं बोलावलं. बस. एकमतानं दिली आम्ही.

बाप गेला त्या वर्षी पोरीनं एनएमएमएस काढली, अन् हे तुम्ही जाता जाता सांगता राजेहो! मृत्यूचा दाखला फॉर्माला जोडलेला असतेच. समितीला वाचता येते.

सेतूवाला_पुसद

कागदांचं मी सांगतो. सातबारा अजून भाऊजींच्याच नावावर असेल तर आधी तलाठ्याकडं वारस नोंद करा, अल्पभूधारकचा दाखला त्याच्याशिवाय अडते. खुल्या प्रवर्गातली असेल तर तो दाखला पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याला लागते, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. ओबीसी असेल अन् सरकारी वसतिगृहात नंबर नाही लागला तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना पाहा. केंद्राचीही एक आहे: बोर्डात वरच्या २० टक्क्यांत आली अन् उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर पदवीला वर्षाला १२ हजार. पण तिच्यासोबत राज्याची शिष्यवृत्ती किंवा फीमाफी चालत नाही, आधी बेरीज करून मग बटण दाबा.

उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, जूनमध्ये सर्व्हर बसते. अन् नावं तपासा. मार्कशीटवर वडिलांच्या नावापुढं ‘राव’ अन् आधारवर बिनरावाचं, एवढ्यापायी मागच्या साली एका पोराचा पैसा अडकला होता.

बीएएमएस_सेकंड_इयर

मामा, मी सगळं लिहिलं होतं. शिष्यवृत्ती मिळालीही. मग सत्काराच्या दिवशी त्यांनी ते माइकवरून वाचून दाखवलं. आई पहिल्या रांगेत बसली होती. फॉर्म द्यायच्या आधी विचारून घ्या, लिहिलेलं स्टेजवर वाचतात का.

वायरमन_दारव्हा

ट्रस्टमध्ये फोन केला. वाचत नाहीत, पण चेक देताना फोटो काढतात. तिला सांगितलं तर म्हणे, चेकचा चालते.

काल रात्री लिहून काढलं. एनएमएमएसचं नाहीच, मास्तर. कापूस वेचणीचं आहे. दिवाळीच्या सुट्टीत ताईसोबत जायची. दव वाळेपर्यंत मालक वेचू देत नाही, ओला कापूस काट्यावर जास्त भरते. तेवढा वेळ ही धुऱ्यावर बसून बायोलॉजी वाचायची. संध्याकाळी सगळ्या बायांचं वजन वहीत मांडायची. मालकाच्या चिठ्ठीत तीन किलो कमी निघाले तर बाया हिलाच पुढं करायच्या. भाऊजींचं एकच वाक्य आहे: ‘वही बाबांच्या हिशेबाची होती, मागची पानं कोरी होती.’

२१४ शब्द झाले. फॉर्मात ३०० म्हटले आहेत. वाढवायला सांगू का?

निवृत्त_मास्तर_कारंजा

नका सांगू. पाठवा.